तळाला जाणारं क्रियापद

यात्रेच्या आदल्या दिवशी, सकाळच्या पहिल्याच तासाला, मी अकरावीच्या वर्गात एक जहाज बुडवत होते. घोडेगावात कॉलेजला इंग्रजी शिकवते मी. धडा वादळाचा होता आणि जहाज बुडतं त्या वाक्यात एक क्रियापद होतं, फाउंडर. फळ्यावर शब्द लिहून मागे वळले तर निम्मा वर्ग माना खाली घालून हसत होता. आमच्या वर्गात संस्था काढणाऱ्यांचा हार घातलेला फोटो आहे आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत हाच शब्द आहे. डोंगरातल्या गावाहून पहिल्या एसटीनं येणारी एक मुलगी उभी राहिली आणि अगदी साळसूदपणे म्हणाली, "मॅडम, मंग ह्ये बी बुडालं का?"

मलाही हसू आलं, पण ते दाखवून चालत नाही. मी सांगितलं, दोन्ही शब्दांचं मूळ एकच आहे. लॅटिनमध्ये तळाला जो शब्द आहे तो फ्रेंचमधून फिरत फिरत इंग्रजीत आला. एक माणूस तळ घालतो, म्हणजे पाया रचतो. दुसरा तळाला जातो. इंग्रजी माणसानं दोघांना एकाच घरात ठेवलंय, त्याला मी काय करू?

खरं तर माझं भांडण वेगळ्याच शब्दाशी आहे. आमच्या भागात अपयशाला एकच शब्द उरलाय, फेल. बोअर फेल, मोटर फेल, टोमॅटोचा प्लॉट फेल, जमत आलेली सोयरीक फेल. या शब्दानं निकाल कळतो, पण कसं गेलं ते कळत नाही. इंग्रजीत ते सांगणारी पाच-पन्नास क्रियापदं आहेत आणि आम्ही त्यातलं सगळ्यात आळशी तेवढं उचललं. म्हणून मी पोरांना वैतागून सांगत होते, की खडकावर आपटून फुटलेल्या जहाजाला हा शब्द सहसा वापरत नाहीत. ज्याच्या आत पाणी भरत जातं, आणि त्या भारानंच जे खाली बसतं, त्याला वापरतात. धंद्याला वापरतात, बोलण्यांना वापरतात, ठरलेल्या बेताला वापरतात. मराठीत आपण 'बसणं' म्हणतो ना, बाजार बसला, धंदा बसला, भिंत बसली, त्याच्या जवळचं. पोरांनी वहीत 'बसणे' असं लिहून घेतलं. शब्दकोशात त्याखाली आणखी एक ओळ होती, जनावरांबद्दलची. ती मी सोडून दिली, कारण परीक्षेत येत नाही.

तास संपवून बाहेर आले तर धाकट्या भावाचे तीन फोन येऊन गेलेले. परत लावला. तो एवढंच म्हणाला, "ताई, बैल बसलाय."

आमचं माहेर पिंपळवंडीला. आमच्याकडं बैल बसला म्हणजे विश्रांतीला बसला असा अर्थ कुणी घेत नाही. त्यातून हा गाड्याचा बैल. आमच्या भागातली शर्यत म्हणजे चढाच्या धावपट्टीवर, घाटात, चार बैलांचा गाडा सोडायचा आणि किती सेकंदांत वर जातो ते मोजायचं. एकेका गाड्याच्या धावेला बारी म्हणतात. भावाची बारी दुसऱ्या दिवशी होती. आणि गाड्याच्या पुढच्या जोडीतला हा करडा बैल म्हणजे भावाची सगळी ओळख होती. शेती चांगली, घर चांगलं, पण पस्तिशी गाठली तरी लग्न जमलेलं नाही. मुली शेतकऱ्याला नाही म्हणतात. लग्नाच्या मांडवात लोक त्याला पुढं बसवायचे ते बैलामुळं. "ह्ये त्या करड्याचं मालक," अशी ओळख करून द्यायचे. ती ऐकून आई कानकोंडी व्हायची आणि भावाची छाती फुगायची.

मी मंचरपर्यंत जीपनं आणि तिथून पुढं हायवेच्या एसटीनं निघाले. नारायणगावच्या अलीकडं पुन्हा फोन आला. या वेळी भावाचा आवाज बसका होता, आणि त्याचा बसका आवाज मला ओरडण्यापेक्षा वाईट वाटतो.

"कुणीतरी चारलंय त्याला. इख घातलंय. आन कुणी घातलंय ते मला म्हाईत हाय."

"डॉक्टर आले का?"

"आल्यात. पण मी तिकडं जाऊन येतो."

"कुठं तिकडं?"

त्यानं फोन ठेवला. तिकडं म्हणजे कुठं ते मला चांगलं ठाऊक होतं. आमच्या शेतापलीकडं चुलतभावाचं घर आहे. तो आम्हा दोघांहून मोठा. एका विहिरीच्या पाण्यावरून दोन्ही घरांचं बोलणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. त्याचाही गाडा आहे, त्याचीही बारी दुसऱ्याच दिवशी होती. आमच्या भावाचं डोकं तापलं की त्याला पुढचं दिसत नाही, हा आमच्या घराण्याचाच गुण आहे, माझ्यातही आहे. एसटीतून उतरेपर्यंत मी मनातल्या मनात पोलीस, तालुक्याचा दवाखाना, सगळं बघून आले.  

घरी पोहोचले तेव्हा भाऊ अजून दारातच होता, डॉक्टरांनी त्याला थांबवून घेतलं होतं. दारातल्या कडुनिंबाखाली बैल पडला होता. मान एका बाजूला टाकलेली. डोळे आत गेलेले. दात करकर वाजत होते, आणि पोटाची डावी बाजू तट्ट फुगली होती. शेणाला आंबूस वास येत होता. जवळच डॉक्टर उकिडवे बसले होते. तरुण, शांत माणूस. आई उंबऱ्यात, वडील खाटेवर. सावलीत गावातली चार-पाच माणसं उभी.

"मी परत ईचारतो," डॉक्टर म्हणाले. "ह्यानं दाणा जास्ती खाल्लाय का? पीठ, भरडा, कणीक, काय बी?"

"न्हाई," भाऊ म्हणाला. "त्येचा खुराक मी सोता मोजून देतो. दुसरं कुणी हात लावत न्हाई. त्येला औषध चारलंय डॉक्टर. टोमॅटोवर मारायचं. सकाळी आमचा चुलता भाऊ हितं दावणीपाशी उभा व्हता. आईनं बघितलाय."

आईनं मान वळवली.

डॉक्टरांनी बैलाच्या पापण्या वर करून पुन्हा बघितलं. "मला तसं वाटत न्हाई भाऊ. पण तुमी सांगता खायला काय नवं न्हाई. औषधाची बाधा असंल तर इंजेक्शन येगळं. ते दिलं आन बाधा नसली, तर ह्याचं पोट हाय तेवढं बी थांबंल. मंग माज्या हातात काय ऱ्हात न्हाई. म्हणून खरं सांगा."

"खरंच सांगतोय!"

 वडील कडुनिंबाच्या शेंड्याकडं बघायला लागले. आईनं पदर तोंडाला लावला. मी त्या दोघांकडं बघितलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

आमच्या घराण्यात एक रीत आहे. बारीच्या आदल्या दिवशी घरातल्या प्रत्येकानं बैलाला आपल्या हातानं घास द्यायचा. मनात काहीतरी धरायचं, म्हणजे एखादं मागणं, आणि मूठ त्याच्या तोंडाशी न्यायची. आणि ते कुणाला सांगायचं नाही. काय मागितलं ते नाही, घास दिला हेही नाही. सांगितलं की बाद. लहानपणी मी एकदा आत्याला सांगून बसले होते तर तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला होता. तेव्हा घरात बैल कामाचे होते, दिवसभर औत ओढून दमलेले, आणि घास म्हणजे खरंच मूठभर असायचा. आता बैल गाड्याचा. अंडी, दूध, पेंड, सगळा खुराक आधीच काठोकाठ. त्यावर ज्याची माया जास्त त्याचा घास मोठा. मी त्या दिवशी उशिरा पोहोचले म्हणून माझा राहिला होता, नाहीतर माझीही मूठ काही लहान नाही.

आणि मग ती शब्दकोशातली ओळ आठवली, सकाळी मी सोडून दिलेली. फाउंडर, घोड्याबद्दल किंवा गुराबद्दल: दाणा जास्त खाऊन आजारी पडणं, पायांतून जाणं. हा अर्थ जहाजाच्या अर्थापेक्षाही जुना आहे. ज्यांनी हा शब्द घडवला त्यांनी आधी तबेल्यात पडलेली घोडी बघितली असणार, समुद्र मागून. उपाशी ठेवलेल्या जनावराला हा शब्द लागत नाही. मारलेल्यालाही लागत नाही. ज्याला कुणीतरी हौसेनं, प्रेमानं, जरा जास्तच दिलेलं असतं, त्याला लागतो. कोशात अर्थ वाचणं वेगळं आणि तो असा दात खात समोर पडलेला बघणं वेगळं. मला रडायला आलं आणि त्याहून जास्त राग आला. आईचा, वडलांचा, त्या रीतीचा. ज्या घरात एवढी तोंडं आहेत त्या घरात एकालाही तोंड उघडता येऊ नये?

"आई, तू घास दिलास का?" मी सरळ विचारलं.

"काय बोलतीस भलतंच!" आई खेकसली. म्हणजे दिला होता. पण बोलली तर मागणं बाद, आणि तिचं मागणं काय असणार ते आख्ख्या गावाला माहीत होतं.

एवढ्यात भावानं भिंतीला लावलेली काठी उचलली. गावातली माणसं नुसती बघत राहिली. मी त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

"बाजूला हो ताई."

"मी जाते. मी विचारून येते त्याला. तोवर तू इथून हललास तर मी पुन्हा या घरात पाय ठेवणार नाही."

"तुला काय सांगणार हाय त्यो?"

"काठीला तरी काय सांगणार आहे?"

तो थांबला. माझ्या शब्दाला मान देऊन थांबला असं मी म्हणणार नाही. बैल तेव्हाच लांबलचक कण्हला आणि भाऊ त्याच्याकडं वळला, म्हणून मला वाट मिळाली. घासाचा माझा नुसता अंदाज होता, कुणी किती दिला ते माहीत नव्हतं, म्हणून मी डॉक्टरांना एवढंच म्हटलं, ते विषाच्या बाधेचं इंजेक्शन मी येईपर्यंत देऊ नका. त्यांनी मान हलवली, पण घड्याळाकडंही बघितलं.

बांधावरून जाताना उन्हानं डोळ्यांपुढं अंधारी येत होती. इतकी वर्षं त्या घरात मी गेले नव्हते. त्याच्या मुलीचं बारसं झालं, शाळा सुरू झाली, सगळं मी बांधापलीकडून बघितलेलं. त्याच्या अंगणात तो बैलांना पाणी दाखवत होता. मला बघून त्याच्या हातातली बादली तशीच राहिली.

"दादा, सकाळी तू आमच्या दावणीला आला होतास?"

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग खाली. "आल्तो."

"बैलाला काही दिलंस?"

त्यानं बैलाकडं तोंड फिरवलं. मला तिथंच त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. "दादा, बैल मरतोय. डॉक्टर विचारतायत आणि आमच्या घरात एक माणूस तोंड उघडत नाही. धाकटा काठी घेऊन इकडं निघाला होता. तू त्याला विष घातलंस म्हणतो."

त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. बादली खाली ठेवून तो म्हणाला, "इख? घास दिला म्या. आज्याच्या दावणीचा बैल हाय त्यो. बोलत नसलो म्हणून काय झालं, दर साली देतो. दोन मुठी भरडा. मुठीत काय मावतं गं?" मग त्यानं हात धोतराला पुसले. "चल."

"तू नको येऊ. तो आत्ता भानावर नाही."

"मंग कुणी सांगायचं? चल म्हणतो ना."

परत येताना तो पुढं आणि मी मागं. तो भराभर चालत होता आणि मी जवळजवळ पळत होते. आमच्या अंगणात तो शिरला तेव्हा भावानं काठी पुन्हा हातात घेतली होती. चुलतभाऊ थेट डॉक्टरांपाशी गेला, भावाकडं बघितलंसुद्धा नाही.

"डॉक्टर, म्या सकाळी गव्हाचा भरडा दिला. दोन मुठी. घराचा घास हाय आमच्या, बोलायचा नसतो. पण आता बोललो."

भावाची काठी वर गेली होती ती तशीच राहिली. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली. वडील खाटेवरून उठले. "म्या बी दिला," ते म्हणाले. "बाजरीचं पीठ आन गूळ. वंजळभर. दोन आसतील." त्यांचा आवाज शाळेत उभं केलेल्या पोरासारखा झाला होता.

मग सगळे आईकडं बघायला लागले. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि तिथूनच बोलली. "पोळ्यांची कणीक भिजवली व्हती. त्येचं गोळं. निम्मी परात." आणि मग कुणी न विचारता, सगळ्या गावादेखत, "ह्येचं लगीन जमू दे म्हणून दिलं. आता न्हाई जमायचं. सांगितलं म्या."

भावानं तिच्याकडं असं बघितलं, की मला तिकडं बघवेना.  डॉक्टर मात्र कामात होते. आता त्यांना काय करायचं ते कळलं होतं. खायच्या सोड्याचं पाणी करायला सांगितलं, सलाईन लावलं, नळीनं सोडा पाजला. चुलतभावानं न सांगता बैलाचं तोंड धरलं. वडलांनी सलाईनची बाटली हातात उंच धरली, ती धरून धरून त्यांचा हात कापायला लागला तरी खाली घेईनात.

तासाभरानं डॉक्टरांनी पुन्हा पोटावर हात ठेवला, कान लावला, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"तुमी सगळ्यांनी सांगितलं तेवढ्यानं येवढं व्हत न्हाई. आत लई माल हाय. हा सोडा पुरायचा न्हाई." ते उभे राहिले. "आणखी कुणी दिलाय? आत्ता सांगा. नीट कळलं तर मी उजेड हाय तवर पोट उघडतो आन आतलं काढतो. न्हाई तर उगं कापायची माझी हिंमत व्हत न्हाई. कापून बी जनावर जातं कधी कधी."

आई, वडील, चुलतभाऊ यांनी एकमेकांकडं बघितलं. गावातल्या माणसांनी माना हलवल्या. मग मी भावाकडं बघितलं. तो बैलाच्या पाठीपाशी बसला होता आणि एका हातानं त्याची पाठ खाजवत होता, एकाच जागी, सारखी. सगळ्या दिवसात मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती त्या क्षणी. कारण तो बोलला नाही तर काय होईल ते मला समोर दिसत होतं, आणि मी बोलून उपयोग नव्हता. हा घास त्यानंच बोलायला हवा होता. त्याच्या ओठांची हालचाल झाली, थांबली, पुन्हा झाली. ज्या बैलाचा खुराक तो आमच्यापैकी कुणाला मोजू द्यायचा नाही, त्याच्याबद्दल सगळ्या गावासमोर, आणि मुख्य म्हणजे त्या चुलतभावासमोर, त्याला हे सांगायचं होतं.

"पहाटं म्या दिला," तो म्हणाला. "भरडा. खुराकाशिवाय."

"किती?"

"घमेलंभर."

 डॉक्टरांनी बाह्या वर केल्या. "पाणी तापवा. दोघांनी मान धरा, दोघांनी पाय. पोरीबाळी आत जाऊ द्या."

मी आत गेले नाही. डाव्या कुशीवर सुई टोचून जागा बधिर केली, केस काढले, आणि मग जे झालं ते सविस्तर लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगते, की डॉक्टरांचा हात कोपरापर्यंत आत जात होता आणि बाहेर येत होता, आणि दर वेळी ओलं, आंबलेलं, पिवळं पीठ बाहेर पडत होतं. कोणाची मूठ कुठली ते त्यात सांगता आलं नसतं. आमच्या सगळ्यांची माया तिथं गोणपाटावर ढिगानं पडली होती आणि तिच्या वासानं श्वास घेववत नव्हता. भाऊ एका बाजूनं आणि चुलतभाऊ दुसऱ्या बाजूनं बैल दाबून धरत होते. एकदा बैलानं झटका दिला तेव्हा भावाचा हात निसटला आणि चुलतभावानं नुसतं "धर!" म्हणून हाक मारली. इतक्या वर्षांनी त्यांच्यात झालेलं तेवढं पहिलं बोलणं.

टाके घालून झाले तेव्हा ऊन उतरलं होतं. घाटाकडून स्पीकरचा आवाज यायला लागला, दुसऱ्या दिवशीच्या गाड्यांचे नंबर पुकारत होते. आमचा नंबरही पुकारला. कुणीच मान वर केली नाही. दिवस मावळायच्या आधी बैलानं मान उचलली आणि बादलीत तोंड घातलं. तो पाणी प्याला तो आवाज ऐकून आई मटकन खाली बसली आणि रडायला लागली, मोठमोठ्यानं, लाज न धरता.

डॉक्टरांनी चारही खुरांना हात लावून बघितला. "तापल्यात," ते म्हणाले. "ह्ये आता पायात उतरंल. जगंल असं मला वाटतंय. पळायचं मातर ईसरा." ते खरं ठरलं. बैल जगला, आजही दावणीला आहे, पण असा चालतो, की जणू खालची जमीन तापलेली आहे. कोशातल्या त्या एका ओळीत एवढं सगळं असतं, आणि मी ती परीक्षेत येत नाही म्हणून सोडली होती. आता सोडत नाही. पोरांना सांगते, फेल म्हणजे काय ते कुणीही सांगेल, पण काही गोष्टी आपणच घास भरवून भरवून तळाला घालवतो, त्याला इंग्रजीत वेगळं क्रियापद आहे.

गावातली माणसं पांगली. मी चहा केला आणि बाहेर आणला. बैलाच्या एका अंगाला भाऊ बसला होता, दुसऱ्या अंगाला चुलतभाऊ. दोघांच्या हातांना तोच वास. चुलतभावानं कप घेतला, फुंकर मारली, आणि बैलाकडं बघतच विचारलं, "घमेलंभर घास देऊन मागितलं तरी काय व्हतंस?"

भावानं कप खाली ठेवला. मला वाटलं, तो उठून जाईल.

"आता तर बाद झालंच हाय," चुलतभाऊ म्हणाला. "सांग की."

"तुजी बारी फेल जाऊ दे म्हणून मागितलं," भाऊ म्हणाला.

मी कपाकडं बघत राहिले. चुलतभावानं चहाचा एक घोट घेतला. मग आणखी एक. मग त्यानं हात लांब करून बैलाच्या कानामागं खाजवलं.

"मंग ऐकलं की देवानं," तो म्हणाला. "ह्येची बारी गेली म्हंजी माजीच गेली. ह्यो काय मला परका व्हता व्हय?"

भावानं तोंड बैलाच्या पाठीत खुपसलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. चुलतभावानं त्याला रडू दिलं. चहा संपवला, कप माझ्या हातात दिला, उठला, आणि बांधाकडं जाता जाता थांबून, मागं न बघता म्हणाला, "उद्या माझ्या बारीला जुंपाया माणूस कमी हाय. सकाळच्याला ये. हात मातर रिकामं घेऊन ये."